एका केबलवर दोन कार्डं

ताई : ...पुन्हा बंद. मिनिटभरही टिकला नाही हा कॉम्प्युटर.

बारक्या : सत्तेचाळीस सेकंद. मी मोजत होतो.

ताई : मोजून काय करू? फोनवरच सांगितलं होतं, तू दिलेलं ग्राफिक्स कार्ड खराब आहे. काढ ते.

बारक्या : मी येऊन दहा मिनिटं झाली नाहीत, लगेच निकाल?

ताई : निकाल प्रयोगाने लागलाय. दोन्ही कार्डं असली, की फिल्मची चित्रं काढायला रेंडर सुरू केला रे केला, कॉम्प्युटर गप्प. सकाळी तुझं काढून नुसतं माझं ठेवलं, तर दोन तास सुतासारखा चालला. एका वेळी एकच बदल. वीस वर्षं पोरांना हेच शिकवत आले.

बारक्या : आणि मी दुकानात दिवसाला चार मशिनं उघडतो ती काय गंमत म्हणून? आठ दिवसांपूर्वी कार्ड बसवलं तेव्हा तुझ्यासमोर अर्धा तास पूर्ण ताणून दाखवलं होतं. दोन्ही एकत्र. तेव्हा कसं चाललं?

ताई : तेव्हा चाललं, आता नाही. वस्तू बिघडतात. घड्याळ बघ, एक वाजायला आला. सहाला तारांगणात फिल्म द्यायचीय आणि दोनशे चाळीस फ्रेम बाकी आहेत. एकट्या कार्डाला एक फ्रेम काढायला दोन मिनिटं लागतात.

बारक्या : आठ तास.

ताई : आणि दोघांना मिळून चार. उद्या सकाळी त्या घुमटाखाली दीडशे पोरं बसणार, आणि माझा धूमकेतू सूर्यापर्यंत पोचलेलाच नाही. शाळा सोडून घेतलेलं पहिलं काम आहे रे हे. दुसरं कोण देईल मग?

बारक्या : सरक जरा. आता तुझं कार्ड काढतो, नुसतं माझं ठेवतो.

ताई : कशाला वेळ घालवतोस?

बारक्या : माझं काढून बघितलंस. तुझं काढून बघितलंस का?

ताई : ...नाही.

बारक्या : अर्धाच प्रयोग की, बाई!

(पंखे घुमू लागतात. दोघं पडद्याकडे बघत राहतात.)

ताई : दोन मिनिटं झाली.

बारक्या : पाच होऊ देत.

ताई : पाय हलवू नकोस, टेबल हलतंय.

बारक्या : माझे पाय जमिनीला चिकटलेत. तूच हलवतेयस.

ताई : ...पाच. चालतंय.

बारक्या : कुणाचं कार्ड चालतंय?

ताई : तुझं. कळलं. म्हणजे वेगवेगळी दोन्ही गुणी आणि एकत्र आली की बिनसतं?

बारक्या : आपल्यासारखं. आता ऐक. तू माझं कार्ड काढलंस तेव्हा एक नाही, दोन गोष्टी बदलल्या. कार्ड गेलं, आणि विजेचा भारही निम्म्यावर आला.

ताई : भार... अरे देवा. हे मला सुचायला हवं होतं.

बारक्या : वीज बंद केली. मागची बाजू उघडतो. टॉर्च धर. इकडे नाही, खाली, वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या डब्यावर. हे काय? इथून एकच केबल निघतेय.

ताई : हो.

बारक्या : हो काय? मी दोन लावल्या होत्या. प्रत्येक कार्डाला वेगळी.

ताई : पण एकेका केबलला पुढे दोन तोंडं आहेत. एकेक तोंड रिकामंच लोंबत होतं. एकीचीच दोन तोंडं दोघांना लावली की भागतं, म्हणून दुसरी काढून ठेवली.

बारक्या : कधी?

ताई : तू गेलास त्याच संध्याकाळी. मग आठवडाभर नुसती चित्रं जुळवत होते, रेंडर कालपासून लावला. असा बघू नकोस. ते जंजाळ बघवेना मला. अण्णा म्हणायचे ना, लोंबती वायर म्हणजे घरात शिरलेला साप. आपल्या घरात कधी वीतभर वायर जास्त दिसलीय?

बारक्या : अण्णा लोकांकडे दिवे बसवायचे, ताई. ही कार्डं दिव्यासारखी नाहीत, शेगडीसारखी वीज ओढतात. दोघांचा भार एका केबलवर पडला की सप्लाय स्वतःहून बंद होतो. त्याला तेवढी अक्कल आहे म्हणून काही जळलं नाही. आणि मागून इतकं आवळून बांधलंयस, पुढून बघणाऱ्याला वाटावं दोन आहेत. कुठंय दुसरी?

ताई : कपाटात, वरच्या कप्प्यात. पिशवीवर चिठ्ठी आहे.

बारक्या : 'जादा. लागत नाही.' अक्षर मात्र सुरेख हं.

ताई : टोमणे नंतर मार. लाव आधी.

बारक्या : लावतोय, तुझं कार्डही परत बसवतोय. शाळेत जाताना मी बुटाची नाडी बांधली, की तू सोडून पुन्हा बांधायचीस. पाचवीपर्यंत.

ताई : तू पडायचास.

बारक्या : एकदा पडलो होतो.

ताई : ...बारक्या, आणखी एक आहे. सकाळी तारांगणाच्या मॅडमना मेल केली. भावाने बसवलेलं कार्ड खराब निघालं, उशीर होईल, असं.

बारक्या : भाऊ कोण, हे माहितीय त्यांना?

ताई : हो. तुझं दुकान सांगितलं होतं मी.

बारक्या : त्यांच्या ऑफिसची सगळी मशिनं दुरुस्तीला माझ्याकडे येतात, ताई.

ताई : माहितीय.

बारक्या : माहीत असून...?

ताई : खात्री होती रे मला.

बारक्या : ...चालू कर. बटण दाब.

ताई : केला. रेंडर लावला. वीस सेकंद. तीस.

बारक्या : बोलू नकोस.

ताई : सत्तेचाळीस गेले.

बारक्या : पाच मिनिटं थांब म्हटलं ना.

ताई : पाच मिनिटं. पाच फ्रेम. आत्ता दीड वाजलाय... साडेपाचला होईल. होईल ना?

बारक्या : होईल. आता तरी खुर्चीत बस.

ताई : बसवत नाही. हा घे माझा फोन. मॅडमना तूच लिही.

बारक्या : काय लिहू?

ताई : झालं ते. कुणी केलं तेसुद्धा.

बारक्या : तुझ्या नावाने जाईल हे.

ताई : जाऊ दे.

बारक्या : ...झालं. घे, एकदा बघून घे.

ताई : नको. पाठव.