पातेल्यावरची ड्यूटी

हॅलो?… हं, बोल चिमे… नाही. हे नाही निघाले… अगं निघाले असते तर मी घरात बसून फोन घेतला असता का? बसमध्ये बसवूनच परत आले असते ना… हो, सव्वाअकरा झालेत, घड्याळ माझ्या डोळ्यांसमोरच आहे… मुलाखत बारा वाजता, माहीत आहे. आणि तुमचे मोठे साहेब साडेबाराला निघून जाणार, तेही माहीत आहे. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेयस.

काय करतायत?… नको विचारूस.

बर्गर उकडतायत.

उकडतायत गं… हो, बर्गरच. पावाचा, चीजवाला… भाजत नाहीत, तळत नाहीत, वाफेवर ठेवतात… हस, हस. मीही पहिल्या दिवशी अशीच हसले होते. आता दोन महिने झाले, हसायची हौस फिटली.

ऐक, कसं करतात ते सांगते, म्हणजे तुझ्या नवऱ्याला कळू दे आपला साडू घरी बसून काय दिवे लावतोय ते. खिमा घ्यायचा. मीठ, मिरपूड, कांदा. तो चपट्या टिनाच्या डब्यांत दाबून भरायचा. डबे केवढे, तर साबणाच्या डबीएवढे. दुसऱ्या डब्यांत चीजचे तुकडे. पातेल्यात पाणी, वर जाळी, जाळीवर डबे, झाकणाला फडकं. आणि मग समोर उभं राहायचं… बारा मिनिटं. नुसतं उभं… हो, काही न करता. मग डब्यातली चरबी ओतून द्यायची, खिम्याचा तो करडा चौकोन पावात ठेवायचा आणि वरून चीजचा लगदा ओतायचा… चव? चव कसली, चिमे. भिजलेल्या पुठ्ठ्यावर मलम लावलंय असं वाटतं.

खाते ना. न खाऊन सांगते कुणाला? आठवड्यातून चारदा खाते.

डबे ह्यांच्या कारखान्याच्या गेटसमोरच्या हॉटेलवाल्या बाईने दिले. तिच्याकडे असलाच बर्गर मिळायचा, सगळे कामगार तिथे जेवायचे. कारखाना बंद पडल्यावर तिचंही बंद पडलं, तिने सामान भंगारात काढलं आणि ह्यांना आठ डबे बक्षीस. माणसं निरोप घेताना पेन देतात, घड्याळ देतात. आमच्या वाट्याला टिनाचे डबे.

आणि पातेलं कुठलं वापरतात विचार ना… आईने दिलेलं. जाड बुडाचं, हो, तेच. त्याच्या झाकणाला भोक पाडलं चिमे… भोक. त्यात कारखान्यातला एक जुना प्रेशरचा काटा बसवलाय. पातेल्यातल्या वाफेला कसलं आलंय प्रेशर? काटा शून्यावर. दर तीन मिनिटांनी हे त्याला टिचकी मारतात, चष्मा वर करून बघतात आणि वहीत लिहितात. शून्य. परत तीन मिनिटांनी, शून्य. अशी वहीच्या वही भरलीय शून्यांनी.

थांब, एक मिनिट… अहो. अहो, चिमी विचारतेय, निघताय ना?… ऐकलंस? "वाफ धरलीय" म्हणतात. म्हणजे आता जागचे हलणार नाहीत.

गॅस बंद करू? केला होता मंगळवारी. त्याही दिवशी जायचं होतं ना तुमच्याकडे. मी गेले, बटण फिरवलं. ह्यांनी परत पेटवलं आणि वहीत लिहिलं, "दहा चाळीसला आच अचानक गेली." माझं नावसुद्धा नाही लिहिलं. मी म्हणजे काय, बिघाड.

त्याआधीच्या वेळी दात दुखत होता. त्याच्या आधी काय होतं गं?… हो, शर्टाचं बटण. शिवून दिलं तर म्हणे आता उशीर झाला. आज शर्ट इस्त्री करून दाराला टांगलाय, बुटांना पॉलिश केलंय, सर्टिफिकेटं पिशवीत भरून ठेवलीयत. आणि नवरदेव कारखान्याचा तो निळा कोट चढवून गॅसपुढे उभे. खिशात पेन आणि हातपुसणं.

…हं… हं… अगं तेच तर मी म्हणतेय. काम नकोच आहे ह्या माणसाला. बरोबर बोललीस. आठ महिने पोरीच्या पगारावर घर चालतंय, ती बिचारी चकार शब्द काढत नाही, आणि हे घरात शून्यं लिहितायत.

आणि काम तरी काय मोठं आहे? राग नको मानूस, पण तुमच्या त्या इमारतीतली लिफ्ट आणि पाण्याचे पंप, एवढंच ना बघायचं?… बटणंच दाबायची ना?… मग त्यासाठी मोठे साहेब कशाला मुलाखत घेतायत? त्यांना स्वतःला तरी येतात का बटणं दाबायला? तुझा नवरा मागे इथे आला होता तेव्हा आमच्या बाथरूमची कडी त्याला आतून उघडता येत नव्हती, मी बाहेरून सांगत होते… बरं, बरं, राहिलं. त्याने शब्द टाकला, उपकार आहेत. मानते मी. शेवटची संधी, हो, कळतंय. दुसरा माणूस येऊन बसलाय?… तरणा आहे का?… असणारच.

अगं ऐक ना, मी ह्या रोगाला आजची नाही ओळखत. हे बॉयलरवर होते ना, त्या बॉयलरवाल्यांचा नियम असतो. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन, बघून, वहीत सही करेपर्यंत आधीच्याने बॉयलर सोडायचा नाही. रिलीव्हर म्हणतात त्याला. तो आला तर सुटका, नाही आला तर बसा तिथेच. कारखान्याला आग लागली तरी शेवटी बाहेर येणार हे… नियम चांगला आहे गं, कारखान्यात. माझ्या स्वयंपाकघरात कशाला?

पोर झाली तेव्हाचं विसरलीस का तू?… तू नव्हतीस, आईच होती. तिने मला दवाखान्यात नेलं अकराला. ह्यांची शिफ्ट दोनला संपणार. दोनचे चार झाले, चारचे पाच. मी सारखी दाराकडे बघतेय. पोर झाली, धुतली, गुंडाळली, तेव्हा कुठे हे आले. का उशीर, तर रिलीव्हरच्या स्कूटरचं चाक बसलं होतं. चाक बसलं त्याचं आणि मी एकटी. एकतीस वर्षं झाली असतील… नाही, सव्वीस, पोर सव्वीसची आहे. नोकरी एकतीस. मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

काय?… फॉर्म? आता कसला फॉर्म?… म्हणजे हे पोचायच्या आधी तू भरून ठेवणार? भर बाई, तुला अजून आशा आहे… जन्मतारीख सांगितली ना मागे. आधीच्या नोकरीची शेवटची तारीख?… फेब्रुवारी होता. तारीख नाही आठवत. बावीस की तेवीस… ह्यांना नको विचारायला, टिचकी मारायची वेळ झालीय. थांब, वहीत असेल. ती शून्यांची वही कारखान्यातलीच आहे, उरलेली पानं कोरी होती म्हणून घेऊन आले. फोन ठेवू नकोस… अहो, वही घेतेय हं जरा. खात नाही तुमची वही.

हं. आहेस ना?… केवढी जड आहे गं. थांब, चष्मा… हे ताजं पान. अकरा अठरा, शून्य. अकरा एकवीस, शून्य. बघ, खोटं नाही सांगत मी. "पाणी अर्धं. चीज मऊ." चीज मऊ, काय पण नोंद… मागे जाते. सप्टेंबर… ऑगस्ट… जुलै… इथून मागे बर्गर नाहीत. नुसत्या तारखा आहेत.

एप्रिल. तारीख, आणि खाली एक ओळ… मार्च. तसंच.

…आहे, आहे, बोलतेय… वाचतेय गं, थांब.

तेवीस. तेवीस फेब्रुवारी लिही.

नाही, काही नाही… अगं काही नाही झालं. तू तारीख लिही.

चिमे, तेवीस तारखेचं पान आहे हे. छापील रकाने आहेत. वेळ, प्रेशर, पाणी, आणि शेवटी "चार्ज देणारा" आणि "चार्ज घेणारा". देणाऱ्याच्या खाली ह्यांची सही. घेणाऱ्याचा रकाना कोरा… हो, त्या दिवशी बंद पडला ना कारखाना. दुपारी बाराला कुणाचा तरी फोन आला आणि सगळे निघून गेले. ते मला माहीत होतं. पण ह्यांनी लिहिलंय बघ. दोन वाजता, प्रेशर तीन. रिलीव्हर आला नाही. तीन वाजता, प्रेशर दोन. आला नाही. चार. पाच. सहा वाजता, प्रेशर शून्य. रिलीव्हर आला नाही. सहा चाळीस, वॉचमनने हाताला धरून बाहेर काढलं.

मला म्हणाले होते बस उशिरा मिळाली.

आणि त्यानंतर रोज, चिमे. रोजची तारीख. चोवीस फेब्रुवारी, नाही आला. पंचवीस, नाही आला. पुढे डबे आले, बर्गर सुरू झाले, तरी खाली तेच. कालचंसुद्धा आहे. "चार नग. पाव ओला. नाही आला." दोन महिने मी ह्या वहीला नावं ठेवतेय, आणि एक पान उलटून बघितलं नाही.

…नाही, वेड नाही लागलेलं. गप्प बस. डॉक्टरकडे काय न्यायचंय?… हे बघ, मघाशी काम नको आहे त्यांना असं मीच म्हणाले ना? तूही म्हणालीस. चुकलं आपलं. त्यांचं आधीचं काम संपलेलं नाही अजून. कुणी येऊन सांगितलंच नाही की झालं, जा आता. त्या एवढ्या मोठ्या कारखान्यात एक माणूस नव्हता सही करायला? मालक होता, मॅनेजर होता, कोट घालून हिंडणारे सतरा जण होते. एकालाही खाली उतरून बॉयलरपर्यंत जाता आलं नाही. थुंकते मी त्यांच्यावर.

किती वाजले?… अकरा सत्तावीस. बस अकरा पस्तीसची आहे ना? थांब. फोन तसाच धर.

अहो… अहो, इकडे बघा. पेन द्या ते… द्या म्हणतेय ना. मी घेते चार्ज… हो, मीच. रिलीव्हर आलाय तुमचा, थोडा उशीर झाला, स्कूटरचं चाक बसलं होतं… आता बघत काय राहिलात? कुठे सही करायची?… आधी बघायचं? बरं, बघते. पाणी… पाणी आहे. अर्धं… पाण्याची पातळी दाखवणारी काच कुठली बघू, ती बॉयलरला असते, पातेल्याला कधी असते का? आवाजावरून सांगतेय, एवढी वर्षं मी काय चूल सोडून झोपा काढल्या?… बरं, काटा. शून्य… टिचकी मारून? ही घ्या टिचकी. शून्य.

…चिमे, ऐकतेयस ना? बघून घेतल्याशिवाय सही करू देईना हा माणूस… हो गं, करते.

हां. "चार्ज घेतला. अकरा एकोणतीस." झाली सही. कालच्यावर पण करू?… आणि ती तेवीस तारीख?… करते. ही तिथेही केली. झालं समाधान?

चिमे… कोट काढला त्यांनी.

घडी घालून खुर्चीवर ठेवला. शर्ट घालतायत… बटणं लागतायत, हो, सगळी… अहो, पिशवी दाराशी आहे. बस चुकवू नका… काय?… झाकण मधे उघडायचं नाही, माहीत आहे. एकतीस वर्षं हेच ऐकतेय मी. जा आता.

गेले. गेले गं… जिन्यावरून बुटांचा आवाज येतोय. बसस्टॉप आमच्या खिडकीतून दिसतो, थांब… हं. उभे आहेत. आली बस… चढले. खिडकीपाशी बसले. तू फाटकापाशी थांब आणि हाताला धरून आत ने. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, ह्यांना बटणं दाबायला शिकवत बसू नकोस म्हणावं. पंपाला हात लावला की काय दुखतंय ते ओळखतील हे.

…रडत कुठेय? राग आलाय मला. आठ महिने. तोंड आहे की नाही माणसाला? एक शब्द बोलले असते तर आठ महिन्यांपूर्वीच केली असती की सही, सहीला काय पैसे पडत होते?

मी?… नाही बाई, मी कशी येऊ?… गॅस बंद करून? काहीतरीच बोलू नकोस. आत्ताच चार्ज घेतलाय मी… खुळी तर खुळी. ते येतील दोन-अडीचपर्यंत, येऊन बघतील, सही करतील, मग उठेन. तोपर्यंत नाही हलता यायचं… नाही गं, खरंच नाही. नियम आहे.

चल, ठेव आता. तीन मिनिटं झाली, काटा बघायचाय… शून्यच असणार, दुसरं काय. पण लिहायला हवं ना. ठेवते.