लटकते डबे आणि पहिली सतरंजी

सुमेधा : पण एसटी स्टँडवरचे लोक जयंतीच्या कार्यक्रमाला येणार आहेत का, काका?

मिथुनकाका : अगं, पण तिथपर्यंत ऐकू गेलं ना! एकदम साफ! चहावाल्यानं फोन करून सांगितलं मला. म्हणे मिथुन, तुझं ‘हॅलो चेक’ इथं भट्टीपाशी ऐकू येऊन राह्यलं.

सुमेधा : आणि मी इथं, स्टेजच्या पुढ्यात, पहिल्या सतरंजीवर बसल्ते. मला काय ऐकू आलं माहितीये? ‘अँ अँ अँ’. घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं!

मिथुनकाका : नवीन माल हाये तो. लाईन अ‍ॅरे, लटकते स्पीकर. हळूहळू सवय होते कानाला.

सुमेधा : कान काय चप्पल आहे का, घालून घालून सैल व्हायला?

मिथुनकाका : सुमे, डोकं नको खाऊ. ऊन पाह्य जरा. सकाळपासून या पाइपावर चढून-उतरून माझे गुडघे गेले. इकडं चार, तिकडं चार, एकाखाली एक. आपल्या गावच्या माणसानं पहिल्यांदा असं काही लटकवलंय. आन् तुला त्या जुन्या खोक्यांचंच कौतुक!

सुमेधा : तुम्हीच शिकवलं ना मला? की जुना एकटा डबा म्हणजे शेतातला तुषार. ठेवला तिथं चहूकडं भिजवतो, पण लांब जायची ताकद नाही. आणि हे लटकते म्हणजे नळीचं तोंड अंगठ्यानं दाबल्यासारखं, पाणी कसं सरळ लांब जातं.

मिथुनकाका : मंग? बराबरच शिकवलं की.

सुमेधा : पण मग पायाशी कोरडं राहतं ना!

मिथुनकाका : म्हणून तर सगळ्यात खालचा डबा खाली वाकवतात. मी वाकवल्ता.

सुमेधा : कुठं वाकवलाय? सरळच्या सरळ दिसून राह्यलाय.

मिथुनकाका : पुंजारामआबा आल्ते सकाळी.

सुमेधा : बरं, मग?

मिथुनकाका : म्हणले, तुझा खालचा डबा पडून राह्यला, खाली बायकापोरं बसतील. म्हणलं आबा, पडत न्हाई, मुद्दाम वाकवलाय. तर म्हणले, वाकडं दिसतं, फोटोत खराब येईल, सरळ कर. मंग केला सरळ.

सुमेधा : काका! आबा जयंती कमिटीचे अध्यक्ष आहेत, आवाजाचे नाहीत!

मिथुनकाका : तू बोलशील गं. गेल्या साली याच कमिटीनं आपल्या गावची जयंती पिंपळगावच्या बबलूला दिली. का? तर त्याच्याकडं लटकणारे हायेत, मिथुनकडं खोके. माझ्या विहारापुढं, माझ्या लोकांत, मी हात बांधून उभा राहून दुसऱ्याचा साउंड ऐकला. तुला काय कळायचं ते.

सुमेधा : कळतं मला. त्याच लटकत्यांवर मी भाषण केल्तं. पाठ करून, आरशापुढं उभं राहून, हातवाऱ्यांसकट! आणि घरी आल्यावर आजी काय म्हणाली? ‘लई छान बोललीस गं. काय बोललीस?’

मिथुनकाका : म्हातारीचे कान झाले आता.

सुमेधा : आजीचे? गल्लीच्या टोकाला कुणी तिचं नाव काढलं तरी ऐकते ती! आणि एकटी आजी नाही, पुढच्या सगळ्या ओळी तशाच. मागं माणसांनी टाळ्या वाजवल्या की मग बाया वाजवायच्या. आपल्याकडं बाया पुढं सतरंजीवर आणि माणसं मागं गाड्यांवर बसतात. तुमचा सगळा आवाज गाड्यांवर! आणि माझं यंदाचं भाषण गाड्यांसाठी नाहीये.

मिथुनकाका : मंग कोणासाठी हाये?

सुमेधा : दैवशाला मावशीसाठी.

मिथुनकाका : शीतलची आई?

सुमेधा : हो. शीतल मार्कांत माझ्या पुढं असते, नेहमी. मला राग यायचा तिचा, इतकी पुढं! आता दहावीचे पेपर झाले तर मावशी म्हणते, झाली शाळा. पिंपळगावच्या कॉलेजात एसटीनं एकटीनं जायचं नाही. मी बोलायला गेले की मावशी म्हणते, चहा पी. जावं तेव्हा चहा! पोटात नुसता चहा झाला, उत्तर काही मिळालं नाही. आणि शीतल… ती आता या विषयावर बोलतच नाही माझ्याशी. मावशी दरवर्षी पहिल्या सतरंजीवर बसते. आज पण तिला ‘अँ अँ’च ऐकू आलं तर मी परत कुठं गाठू तिला?

मिथुनकाका : स्टेजवरून नाव घेणार का तिचं?

सुमेधा : येडी आहे का मी? नाव नाही घेणार. पण ऐकू तर गेलं पाहिजे ना!

मिथुनकाका : ते सारं खरं. पण जुने खोके मी पुढं मांडणार न्हाई. लोक म्हणतील, नवं आणलं आन् जुन्याच्या आधारानं चालवून राह्यला. आन् ऐकू येत न्हाई हे तुझं एकटीचं म्हणणं. ती पाह्य, आई बसली हाये पुढं. आई! माईकचा आवाज बराबर आल्ता का?

बेबीनंदा आजी : हो हो! लई छान!

मिथुनकाका : घे.

सुमेधा : ती सगळ्यालाच हो म्हणते! माईक द्या इकडं. आजी, तिथंच बस, हलू नको.

(सुमेधा स्टेजवर चढते. माईक चालू होतो.)

सुमेधा : आजी, तू चुलीवर दूध ठेवून आल्तीस ना, ते सगळं उतू गेलं.

बेबीनंदा आजी : हो हो! लई छान!

सुमेधा : आणि जयंतीसाठी आणलेलं तुझं नवं पांढरं लुगडं शेळीनं खाल्लं!

बेबीनंदा आजी : बराबर! बराबर हाये पोरी!

मिथुनकाका : बंद कर, बंद कर तो माईक! थांब, फोन आला. हॅलो… न्हाई हो, कोणाचंच न्हाई खाल्लं. टेस्टिंग चालू हाये. ठेवा. स्टँडवरून चहावाला विचारून राह्यला, लुगडं कोणाचं म्हणून.

सुमेधा : बघा! तिकडं लुगडं पोचलं, इथं आजीपर्यंत शेळीसुद्धा नाही आली!

मिथुनकाका : आई, काय म्हनली गं ती?

बेबीनंदा आजी : आता मला काय ठाव? लेकरू येवढं वर चढून बोलून राह्यलं, त्याला न्हाई कसं म्हनायचं?

मिथुनकाका : म्हणजे गेल्या साली बी…

बेबीनंदा आजी : व्हय. तुझे खोके होते तवा यायचं ऐकू.

मिथुनकाका : …सुमे, उतर खाली. ही चावी घे. विहारामागच्या खोलीत दोन्ही खोके हायेत, चल, दोघं मिळून आणू. जल्दी.

सुमेधा : आणि आबा?

मिथुनकाका : स्टेजच्या खालून निळं कापड सोडलंय ना, त्याच्या मागं सारू. कापडातून आवाज जातो, आबाची नजर न्हाई जात.

सुमेधा : काका!!

मिथुनकाका : नाचू नको, वायर तुडवशील! आन् ऐक, खोक्यांचा आवाज बारीकच ठेवणार, पुढच्या बायांपुरता. मागचं काम लटकणारेच करतील.

सुमेधा : मग मी कधी म्हणलं लटकणारे काढा? शीतलचे पप्पा मागंच असतात की गाडीवर!

मिथुनकाका : बस्स, तिकडून थोडा आत घे. हां. लाव ती पिन. आता वर जा… अरे, जयभीम वहिनी! सतरंज्या आणल्या का? टाका तिथंच, पुढं. सुमे, चढ. लटकणारे बंद केलेत मी, खालचे खोकेच चालू हायेत. आता दूध-शेळी नको, भाषणातलं बोल.

सुमेधा : आत्ता? काका, दैवशाला मावशी इथंच आहे.

मिथुनकाका : मंग टेस्टिंगला काय शेळी आणू? बोल.

सुमेधा : हॅलो… ‘आपल्या गावात एक मुलगी आहे. गणितात तिला कुणी हरवलेलं नाही. कॉलेजला जाणारी एसटी रोज सकाळी तिच्या दारावरून जाते. ती एसटी मुलीनं हात केला तर थांबणार नाही. तिच्या आईनं केला, तरच थांबणार आहे.’

बेबीनंदा आजी : अगं बया! कानातच बोलल्यासारखी बोलली की! आन् मघाशी दुधाचं काय म्हनत होतीस?

मिथुनकाका : आई, थांब जरा. वहिनी, सतरंजी तशीच धरून का उभ्या? तिथं आवाज न्हाई आला का?

दैवशाला : आला.

मिथुनकाका : फाटून राह्यला का? कमी करू?

दैवशाला : नका करू भाऊ. सुमे… ते एसटीचं पुन्हा एकदा म्हण.