चिमणीला सांगू नका

परळीच्या स्टँडवर धारूरच्या गाडीची वाट बघत एक आजोबा बसले होते. घोडेस्वारी शिकायला इथं राहिलेली नात त्यांना सोडायला आली होती.

“नव्या तबेल्यातला घोडा कसा हाय, वर्षा?”

“उंच हाय, आबा. पण आपल्या चिमणीसारखा न्हाई.”

“वरातीची घोडी ती. तिची सर कुणाला येती?”

“आज मैदानाबाहेरून बँड गेला. सगळे घोडे बुजले.”

“अन् तुझा?”

“त्यो बी. मंग चिमणीच्या मानेवर धरते तसा मी त्याच्या मानेवर ताल धरला. जागीच नाचला!”

“नाचला?”

“लई न्हाई. दोन पावलं.”

“काल तर परत त्या तबेल्यात जायचंच न्हाई म्हणत व्हतीस.”

“उद्या जाणार हाय. गाडी लागली, आबा. चिमणीला गूळ द्या.”

“देतो. अन् काय सांगू तिला?”

“त्यो नाचला, तेवढं सांगू नका.”