निरोप दिलेला माणूस

हसू नका, पण आमच्या चाळीने मला तीन वर्षं आधीच निरोप देऊन टाकला होता.

माझ्या भावाने मला अमेरिकेत बोलावून घेण्यासाठी तिकडून अर्ज केला होता. वकिलातीचं पत्र आलं तेव्हा मी गिरणीत. शेजारच्या मास्तरांनी ते फोडलं, गरुडाचा शिक्का बघितला आणि ओरडले, "झालं काम!" पाळी सुटून मी काळाचौकीला चाळीत पोचतो तर हार, नारळ, भाषणं, सगळं तयार. बायका तर रडल्यासुद्धा. हार काढल्यावर मी पत्र वाचलं. अर्ज पोचला, नंबर लागेपर्यंत थांबा, एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी बादली घेऊन नळावर गेलो, तर सगळे बघतच राहिले. "तू अजून इथेच?"

तेव्हापासून मी जाणारा माणूस. गणपतीची कामं वाटली, त्यात माझं नाव नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला निघालो तर माझा दोस्त बाळ्या म्हणाला, "तू कशाला लाठ्या खातोस रे? तू थोडाच इथे राहणारेस!"

मग एकदाचा खरा व्हिसा आला. घरोघर सांगून आलो. बाळ्या म्हणाला, "तुला दिलाय की निरोप! किती वेळा द्यायचा?" त्यात बोट सुटायच्या दिवशी नेमका मोर्चा होता, सगळी चाळ तिकडे.

बोट सुटली तेव्हा सगळे धक्क्याकडे बघून रुमाल हलवत होते. मीही हलवला. कठड्याशी शेजारी उभ्या बाईंनी विचारलं, "तुमची माणसं कुठली?"

म्हटलं, "ती काय, सगळ्यात मागे उभी आहेत."