ऐरणबाबाची दुसरी आंच

हं, बसा मंडळी. मागचे जरा पुढं सरका. खांबाला टेकलेत त्यांनी खुशाल टेका – फक्त डोळे उघडे ठेवा, म्हणजे मला कळेल की कीर्तन चालू आहे! पूर्वरंगात आपण सत्याविषयी पुष्कळ बोललो. माना डोलल्या, पेटीवाल्या दिगंबरकाकांनी तर डोळेही पुसले. आता उत्तररंगाला मी एकच प्रश्न तुमच्यापुढं ठेवतो.

माणसानं सोंग घेतलं – आणि त्या सोंगात लबाडी केली – तर ती लबाडी कुणाची? सोंगाची, की माणसाची?

सोपं वाटतं ना? आपल्याकडं दशावतारात रावण झालेला माणूस सकाळी तुमच्याच वाडीत नारळ पाडायला येतो. त्यानं सीता पळवली म्हणून तुम्ही त्याला पोलिसात देता काय? नाही देत. उलट चहा देता. म्हणजे सोंगाचं पाप सोंगापाशी. मिटलं! आरती करू आणि घरी जाऊ. – अहो, बसा! उठता कुठं? कथा अजून सुरूच व्हायची आहे.

ऐका. चिपळूणला जयवंत हळबे नावाचा एक गृहस्थ आहे. औषध कंपनीचा माणूस, ज्याला आपण एमआर म्हणतो. मोटारसायकलला बॅग अडकवायची, आज खेड, उद्या दापोली, परवा गुहागर. डॉक्टरांच्या दारात बसायचं, आपली गोळी किती गुणकारी ते सांगायचं. सांगायचं कुणाला? डॉक्टर आत, हा बाहेर. आधी पेशंट, मग पेशंटचे नातेवाईक, मग डॉक्टरांचं जेवण, मग हा. कधी कंपाउंडर नुसती मान हलवतो, की बॅग उचलायची आणि निघायचं. वाईट कोणी वागत नाही हं त्याच्याशी. पण हा आला म्हणून आनंदही कुणाला होत नाही. तुम्ही विचार करा – माणूस आयुष्यभर गावोगाव हिंडतो, आणि एकाही गावात त्याची कोणी वाट बघत नाही!

मग हा संध्याकाळी घरी यायचा, हातपाय धुवायचा, आणि कॉम्प्युटरवर खेळायला बसायचा. आता तुम्ही म्हणाल, बुवांना व्हिडिओ गेममधलं काय कळतं? काही कळत नाही. त्यानं स्वतः मला दापोलीच्या स्टँडवर बसून सांगितलं, त्याची मोटारसायकल दुरुस्तीला होती आणि एसटी आमची दोघांचीही चुकली होती. जे कळलं ते सांगतो, नाही कळलं ते नातवंडांना विचारा.

त्या खेळात एक अख्खं राज्य आहे. डोंगर, जंगलं, राक्षस, जादूगार. आणि देशभरातले लोक आपापल्या घरी बसून त्यात शिरतात. एकाच वेळी. बोलतात, भांडतात, किल्ले बांधतात. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. आणि मंडळी, लोकांनी काय घेतलं असेल? सगळे सेनापती! सगळे महावीर! तिथं साधा सैनिक शोधून सापडत नाही. – आपल्या उत्सव कमिटीसारखंच म्हणा ना.

जयवंतानं काय घेतलं? फिरता लोहार. बैलगाडी, गाडीत भट्टी, भाता, ऐरण, घण. अंगात मळकी बंडी, पांढरी दाढी. नाव ठेवलं ऐरणबाबा. कमरेला हत्यार नाही. गावाच्या वेशीवर गाडी सोडायची आणि येईल त्याचं हत्यार नीट करून द्यायचं. मित्र असो की शत्रू, भट्टीपुढं सगळे सारखे, असा त्यानं आपला नेम ठेवला.

आणि काय झालं सांगू? लोक वाट बघायला लागले! गाडीच्या घुंगरांचा आवाज आला की किल्ल्याच्या बुरुजावरून हाका. ‘बाबा आले, बाबा आले.’ त्याची बायको नीलांबरी पोळ्या लाटता लाटता विचारायची, आज किती तलवारी झाल्या? हा खरोखर आकडा सांगायचा. ती हसायची. पण तिनं त्याला कधी उठवलं नाही, कारण दिवसभरात माणूस एवढ्या वेळेपुरताच ताठ बसलेला दिसायचा. शहाणी बाई.

आता लोहारकामातली एक गोष्ट समजून घ्या, कारण कथा सगळी त्याच्यावर आहे. पातं तापवून लाल केलं, की पाण्यात बुडवतात. त्याला पाणी देणं म्हणतात. पातं कडक होतं. पण नुसतं कडक पातं ठिसूळ असतं. म्हणून त्याला पुन्हा थोडीशी आंच द्यायची. हळू. रंग बघून. ही दुसरी आंच दिली की ते चिवट होतं, घाव सोसतं. नाही दिली तर? दिसायला लखलखीत. चांगल्यापेक्षाही चांगलं! आणि जोराचा घाव बसला की काचेसारखं तुटतं. त्या खेळातही हे सगळं तसंच्या तसं होतं. आणि दुसरी आंच दिली की नाही, हे धन्याला दिसत नसे. फक्त लोहाराला ठाऊक.

म्हणून जयवंतानं एक रीत पाडली होती. काम झालं की हत्यार ऐरणीवर ठेवायचं आणि म्हणायचं, “घ्या. हात राखून केलेलं नाही.” बस. हे म्हटल्याशिवाय कोणी हत्यार उचलायचं नाही. खेळात असा नियम कुठं लिहिलेला नव्हता बरं का. लोकांनीच मानला. लांबलांबचे लोक ते वाक्य ऐकायला थांबायचे.

तिथं एक गड होता, आणि त्याचा सेनापती शार्दूल. खरा तो जळगावचा कोणी दुकानदार. शार्दूलनं आणि त्याच्या मंडळींनी वर्षभर खपून तो गड बांधला होता. एकेक चिरा. जयवंताची गाडी बहुतेक त्याच गडाखाली सुटायची. संध्याकाळी भट्टीभोवती गप्पा रंगायच्या – पावसाच्या, पोरांच्या शाळेच्या, कुणाच्या गुडघेदुखीच्या. गुडघेदुखीवर हा औषधही सांगायचा. मंडळी, ज्या माणसाचं औषध दिवसभर कोणी ऐकून घेत नाही, त्याचं तिथं महावीर ऐकायचे!

आणि गडाची एक वैरीण होती. लुटारूंची म्होरकी. नाव कृष्णघार. ती खरी कोण, कुठली, बाई की बाप्या – जयवंताला आजतागायत ठाऊक नाही. तिनं जाहीर केलं की मी गडावर चालून येणार. आणि त्या खेळात गड जळाला की जळाला. वर्षाची मेहनत पुसली जाते, परत मिळत नाही.

स्वारीच्या आदल्या दिवशी ही घार आली. कुणाकडं? ऐरणबाबाकडं! एकटी. तलवार ऐरणीवर ठेवली आणि म्हणाली, उद्या मोठं काम आहे बाबा, नीट पाणी द्या. उद्या याच वेळी, स्वारीला निघताना घेऊन जाते. शत्रूच्या गडाखाली येऊन, शत्रूच्या मित्राच्या हातात तलवार देऊन निघून गेली. आपण घड्याळ दुरुस्तीला टाकतो तशी!

शार्दूलला कळायला किती वेळ लागतो? तो आला, सोबत चौघे आले. आधी हसले. मग गंभीर झाले. शार्दूल म्हणाला, दुसरी आंच देऊ नकोस, एवढंच कर. जयवंत म्हणाला, मी तसं करत नाही. शार्दूल म्हणाला, तू आमचा की तिचा? आणि मग शार्दूल ते बोलला, जे आपण सगळे कधी ना कधी बोलतो.

“अरे, गेम आहे हा. इथं खरं कोण मरतंय?”

सांगा बरं, काय चुकलं त्याचं? खरं कोण मरतंय? लोखंड खोटं, आग खोटी, दाढीसुद्धा खोटी! एवढ्या खोट्यात आणखी एक खोटं. आणि पलीकडं काय होतं? संध्याकाळच्या गप्पा. बुरुजावरच्या हाका. गड गेला तर ती माणसं पांगणार, आणि जाताना म्हणणार की ऐरणबाबा आमच्या उपयोगी पडला नाही. जयवंताला भीती वाटली, मंडळी. तो माणूस वाईट नव्हता. एकटा पडायला घाबरला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पातं तापवलं. पाण्यात बुडवलं. आणि थांबला. दुसरी आंच दिली नाही.

घार आली. तलवार ऐरणीवर. काय चमकत होती! तिनं हात पुढं केला नाही. उभी राहिली. जयवंतानं पडद्यावर बघितलं, त्याला वाटलं ही बघतेय काय? घेत का नाही? मग त्याच्या लक्षात आलं. ती वाक्याची वाट बघत होती.

आता इथं बघा. तलवार खोटी होती – कबूल. पण ते वाक्य? ते बोटांनी लिहायचं होतं. बोटं कुणाची? ऐरणबाबाची? ऐरणबाबाला बोटं नाहीत हो! बोटं जयवंत हळब्याची. चिपळूणची. त्यानं लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. घार तशीच उभी. शेवटी ती म्हणाली, “बाबा, दमलात का? सावकाश होऊ द्या.”

त्यानं लिहिलं. “घ्या. हात राखून केलेलं नाही.”

तिनं वाकून नमस्कार केला, तलवार घेतली, गेली.

पुढचं तुम्ही ओळखलंच. गडाच्या दारात शार्दूलची आणि तिची गाठ पडली. तिनं घाव घातला. तलवारीचे तुकडे! म्होरकी निःशस्त्र, लुटारू पळाले, गड वाचला. जल्लोष! शार्दूलनं ऐरणबाबाला हत्तीवर बसवून मिरवलं. – हो, हत्ती आहेत तिथं, आपल्या गावात पालखीला भोई मिळत नाहीत, तिथं हत्ती. गडावर त्याला कायमची जागा दिली. नवी भट्टी बांधून दिली. जयवंताला वाटलं, सुटलो बुवा. मित्र राहिले, गड राहिला, तलवार तर खोटीच होती.

नाम घ्या दोन क्षण, मी पाणी पितो. – झालं? पुढं ऐका.

नवी भट्टी पेटली. जयवंत भाता ओढत बसला. कोणी येईना. लढाई नुकती झालेली, सगळ्यांची हत्यारं बोथटलेली, आणि भट्टीपुढं एक माणूस नाही! येणारे-जाणारे हात करायचे, ‘काय बाबा, ठीक ना?’ म्हणायचे आणि पुढं जायचे. त्यानं शार्दूलला विचारलं, तुझी कुऱ्हाड आण की, धार गेली असेल. शार्दूल म्हणाला, असू दे, चालतेय अजून. दुसऱ्याला विचारलं, तोही तेच म्हणाला.

मग एका संध्याकाळी जयवंत नदीकडं गेला. तिथं एक नवशिका लोहार होता. काम इतकं ओबडधोबड, की पूर्वी हेच सगळे त्याची टिंगल करायचे. त्याच्यापुढं ही रांग! आणि रांगेत कोण? शार्दूल. कुऱ्हाड घेऊन.

जयवंतानं त्याला बाजूला घेतलं. विचारलं, मी तुझ्यासाठी केलं ना ते? तू सांगितलंस म्हणून केलं ना? शार्दूलला ओशाळल्यासारखं झालं. म्हणाला, उपकार आहेत तुझे, मी विसरलेलो नाही.

“मग माझ्याकडं का येत नाहीस?”

“तसं काही नाही रे,” शार्दूल म्हणाला. “पण तू करू शकतोस, हे आता माहीत झालं ना.”

ऐकलंत? रागावला नाही. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला आणि रांगेत परत जाऊन उभा राहिला.

जयवंतानं त्या दिवशी जेवताना काही आकडा सांगितला नाही. नीलांबरीनं विचारलं, तर म्हणाला, आज एकही नाही. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ताटात भात वाढला. दुसरं ती तरी काय करणार?

आणि मग एक दिवस त्या ओस पडलेल्या भट्टीपाशी एक गिऱ्हाईक आलं. एकच. कृष्णघार! तहाचं निशाण घेऊन आली होती. नवी तलवार ऐरणीवर ठेवली. म्हणाली, आमची माणसं म्हणतात बाबानं दगा दिला. मी त्यांना सांगितलं, बाबा हात राखून करत नाहीत, माझाच घाव वेडावाकडा पडला असेल. या वेळी पातं जरा आणखी चिवट करा.

मंडळी, अख्ख्या राज्यात त्याच्यावर विश्वास ठेवणारी एकच उरली होती. आणि ती तीच होती, जिला त्यानं फसवलं. आता त्याला कोणी विचारत नव्हतं. काही न बोलता तलवार चांगली करून दिली असती, तर कुणाला कळलं असतं? पण तो माणूस मला म्हणाला, बुवा, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो. तिनं माझी बाजू घेतली, ते मला सोसलं नाही.

त्यानं लिहिलं. “दुसरी आंच दिली नव्हती. मुद्दाम. घाव तुझा बरोबर होता.”

त्याला वाटलं, आता ही तलवार उचलून जाणार. गेली नाही. तिनं लिहिलं, “बरं. मग आता दे. मी इथं उभी आहे.”

आणि ती उभी राहिली, मंडळी! भट्टीला लागून. पातं लाल होताना बघितलं. पाण्यात जाताना बघितलं. दुसरी आंच बसताना वाकून रंग बघितला. इतक्या दिवसांत त्याच्या कामावर पहिल्यांदा कोणीतरी पहारा दिला. काम झालं. त्यानं तलवार ऐरणीवर ठेवली आणि ते वाक्य काही लिहिलं नाही. तीही वाक्यासाठी थांबली नाही. उचलली, दगडावर आपटून बघितली, गेली. गिऱ्हाईक राहिलं, विश्वास गेला. आणि ती आजही येते, असं तो सांगतो. दर वेळी शेजारी उभी राहते.

झाली कथा. आता प्रश्नाकडं वळू. सोंगातली लबाडी कुणाची? हा फेटा बघा माझा. कीर्तन संपलं की मी तो काढून पिशवीत ठेवणार. हेही सोंगच की! पण हा फेटा घालून मी तुमच्याशी खोटं बोललो, तर घरी जाऊन काय म्हणू? फेटा खोटं बोलला?

आणि हसू नका, तुम्हीही काही कमी सोंगं घेतलेली नाहीत. दुकानात गेलात की दुकानदार, ऑफिसात साहेब, लग्न जमवताना मुलाकडचे! तिथं एखादी दुसरी आंच राहून जाते, आणि आपण म्हणतो – धंद्यात चालतं, व्यवहारात चालतं, सगळेच करतात. शेजारी बसलेला मित्र पाठीवर थाप मारतो. म्हणतो, वा, काय गंडवलंस त्याला! आपल्यालाही बरं वाटतं.

म्हणून आता टाळ घ्या, नाम घ्या, आणि प्रसाद घेऊन सावकाश घरी जा. जाताना एवढंच आठवून बघा – तुमच्या लबाडीला टाळी देणारा तो मित्र, त्यानं अलीकडं स्वतःची एखादी वस्तू तुमच्या हातात दिली आहे का?