काय नाय, सहज केला

हॅलो?… हो, रत्नाबाईच बोलतेय. कोण?… अगं कल्याणी! बोल… काय नाय? सहज केलास? बरं…

पोरांनो, गलका कमी!… शिकवणीची पोरं गं. शाळेतून निवृत्त झाले, पोरांतून कुठं?… जेवलीस?… आई बरी?… आणि तुझी ती पशुखाद्याची कंपनी? शेतकऱ्यांचे फोन घेतेस ना तू?…

हं. आता बोललीस.

काय? उद्यापासून फोन मशीन घेणार?… एआय, हो, ऐकलंय… आणि तू?… घरी? का?… तुझं बोलणं लांबतं म्हणून?… अगं, ते चौथीतही लांबायचं! रडू नको, ऐक ना. मशीन चुकतं का कुठं?… नाही? मराठीही चांगलं?… माझ्यापेक्षा? बरं, बरं!

कोण?… बोरीचे बाळासाहेब. त्यांचं काय?… हो, हो… चाचणीला लावलेल्या मशीननं विचारलं, ‘काय अडचण आहे?’… ते म्हणाले, ‘काय नाय’… आणि त्यानं ‘धन्यवाद’ म्हणून फोन ठेवला? अगं बाई! आपल्याकडं पहिल्या दमात कोण सांगतं? आधी ‘काय नाय’, मग पाऊसपाणी, मग लेकरंबाळं, मग गाय… त्यांचा पुढचा फोन तू घेतलास? मग?… गाय कालपासून बसूनच? आणि तू डॉक्टर धाडलास… उठली? वा गं पोरी! हेच सांग साहेबाला… घाबरतेस? कोण एवढा साहेब?… हितेश? नथमलशेटचा? अगं, माझ्याच वर्गातला! दे त्याला… दे म्हणते ना!

हितेश, बाई बोलतेय… उभा राहिलास? बस रे, वर्ग कधीच सुटला. कसा आहेस?… काय नाय, सगळं ठीक? बरं… तुझी आई, सूरजबाई काय म्हणतात?… जुन्नरलाच, एकट्या?… रोज फोन करतात? आज आला?… काय म्हणाल्या?… ‘काय नाय, सहज केला.’ मग तू?…

फोन ठेवलास?…

ठेवलास. आणि काल?… कालही.

मग त्या मशीनला मी कोणत्या तोंडानं बोलू?… नाही रे, रागावले नाही… काय बोलायचं आईशी? ते मला काय विचारतोस, शेजारी उभी आहे तिला विचार… हं. काय सांगते ती?… ‘आधी जेवण विचारा, मग गप्प बसा.’ बरोबर! घाईनं मध्ये बोलायचं नाही… आणि हितेश, कल्याणीचं उद्या?… नाही पाठवत? नक्की?… फोन तीच घेणार, आणि मशीन तिच्या हाताखाली? चालेल! तिला सांग, मशीनलाही चौथीपासूनच शिकव म्हणावं… हॅलो?… हितेश?… हॅलो?

कापला.

हसू नका रे पोरांनो. आईला लावत असेल तो.