यादोरावांच्या नाकाचा धाक

सभेचे अध्यक्ष माननीय कृष्णरावजी, आजचे सत्कारमूर्ती यादोरावजी, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई, संचालक मंडळी, माझे ड्रायव्हर बंधू आणि समोर सतरंजीवर बसलेल्या खाणीतल्या मायबहिणींनो,

मी डोमा, आपल्या श्रमदीप मोटर संस्थेचा ड्रायव्हर. स्टेअरिंगची सवय आहे, माईकची नाही.

यादोरावजी आपले टाइमकीपर, आज निवृत्त होताहेत. अठरा वर्षं रोज सकाळी त्यांच्या खिडकीत तोंड नेऊन 'हा' केल्याशिवाय कोणाला चावी मिळाली? दारूचा वास आला की चावी परत खिळ्यावर. आमचे बाबूलालजी तर भीतीनं आदल्या संध्याकाळी कांदाही खात नसत. बसा, बाबूलालजी, बसा.

आता जे बोलतो ते यादोरावजींची परवानगी घेऊन बोलतो.

अठ्ठ्याहत्तर सालची होळी झाली होती. दिघोरीला साळ्याच्या लग्नात मी मोहाची प्यायलो आणि तसाच ड्यूटीवर आलो. ड्यूटीला नाही म्हणायची लाज वाटली. मनात म्हटलं, यादोरावजी पकडतील, घरी पाठवतील, सुटलो. मी खिडकीत 'हा' केलं. त्यांनी चावी पुढे सरकवली. मंडळी, चावी हातात आली आणि ती परत करायची हिंमत मला झाली नाही.

गाडीत खाणीवर जाणारी बावन्न माणसं होती. नाकाडोंगरीच्या अलीकडे नहराचा पूल लागतो. मला दोन पूल दिसले. मी ब्रेक मारला तेव्हा पुढचं डावं चाक कठड्याबाहेर होतं, खाली कालव्याचं पाणी. माझ्या मागच्या सीटवर बायजाबाई होत्या. त्या म्हणाल्या, "काहून थांबवली, बाबू?" मी म्हटलं, "टायर गेला जी." सगळ्यांना उतरवलं. बाया माझ्या कामाचं कौतुक करत पायी खाणीवर गेल्या. मी पुलावर बसून ओकलो.

परत आलो ते थेट खिडकीशी. "यादोरावजी, मी पेऊन होतो. मले काहून जाऊ देल्लं?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "डोमा, तीन साल झाले, मले वासच येत नाही. तापात गेला. सांगतलं तर नोकरी जाईन, अन् तुमचा धाकही जाईन."

दुसऱ्या दिवसापासून खिडकीशी सुलोचनाबाईंचा चहा सुरू झाला. आपल्याला वाटलं, बाईंची माया. बाई कप देताना जवळ येऊन विचारायच्या, "बरा हायेस ना, बाबू?" आपण तोंड उघडायचो. वास आला तर कपाखाली बशी नसायची. बिनबशीच्या माणसाला चावी मिळत नसे. सात वर्षं आपली तपासणी त्या करत होत्या. सत्काराचा हा नारळ अर्धा त्यांचा आहे.

उद्या ही दोघं तिथं नसतील आणि सहाच्या पाळीची गाडी सुटेलच. मला भीती वाटते, खरंच वाटते. नवे टाइमकीपर दादाजी, उद्या पहिला मी येईन. माझा वास घ्या. शंका आली तर मी रागावलो, रडलो, पाय धरले, तरी चावी देऊ नका.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. आणि बायजाबाई, टायर गेला नव्हता. ते मात्र सांभाळून घेऊ नका.